उडालेल्या फायलींची पाठचिकित्सा

संगणकाच्या हार्ड डिस्कचे विभाग पाडताना चूक होऊन संग्रह नाहीसा झाला, म्हणजे ‘डाटा उडाला’ असे म्हणण्याची रूढी आपल्याकडे पडली आहे. ‘उडणे’ हे क्रियापद अकर्मक आहे. कापूर उडतो, रंग उडतो, झोप उडते. त्यात उडविणाऱ्याचा उल्लेख करण्याचे कारण पडत नाही. या एका क्रियापदाने दोन गोष्टी साधतात. चूक करणारा वाक्याबाहेर राहतो आणि जे गेले ते हवेत विरले, अशी समजूत ऐकणाराची होते. पुढे कोणी जाणकार भेटून फायली हाती आल्या, की ‘डाटा रिकव्हर झाला’ असे दुसरे वाक्य तितक्याच सहजपणे उच्चारले जाते. यांपैकी पहिल्या वाक्यातील चूक तंत्रज्ञांनी पुष्कळदा दाखविली आहे. दुसऱ्या वाक्यातील चूक आमच्या मते अधिक गंभीर आहे, आणि तिची चिकित्सा करणे हे तंत्रज्ञापेक्षा पाठचिकित्सकाचे काम आहे. प्रस्तुत लेखाचा रोख तिच्यावर आहे.

लेखास निमित्त प्रस्तुत लेखकाच्या स्वतःच्या हातून झालेली चूक हे आहे. बुलढाणा जिल्ह्यातील मेहकर तालुक्यात जानेफळ हे गाव आहे. येथे व आसपासच्या खेड्यांत वऱ्हाडी बोलीची ध्वनिमुद्रणे आम्ही काही वर्षे करीत होतो. जिल्ह्याचे ‘घाटावरचा’ व ‘घाटाखालचा’ असे जे दोन भाग लोकांच्या बोलण्यात येतात, त्यांपैकी मेहकर हा घाटावरचा. येथून पुढे मराठवाड्याची बोली दूर नाही. ‘मले’, ‘तुले’ ही चतुर्थीची रूपे, ‘येजो’, ‘करजो’ ही आज्ञार्थी रूपे, ‘जाऊन राहिला’ ही अपूर्णतादर्शक रचना, आणि विशेषतः ‘डोळा’ व ‘डोया’ यांतील ळकार-यकाराचा पालट या परिसरात कोणाच्या तोंडी किती प्रमाणात येतो, हा आमचा प्रश्न होता. त्याचे उत्तर ध्वनीत जितके आहे तितकेच बोलणाराच्या वयात, जातीत, माहेरच्या गावात व शिक्षणात आहे. ही सर्व माहिती आम्ही फायलींच्या व फोल्डरांच्या नावांतून नोंदविली होती. दुसरी कार्यप्रणाली बसविण्याच्या गडबडीत आम्ही भलतीच डिस्क निवडली, तिच्यावर नवे विभाग पाडले, आणि चूक ध्यानात येण्यापूर्वी त्यांपैकी एका विभागात बराच मजकूर भरलाही.

येथे यंत्राची रचना थोडक्यात सांगितली पाहिजे. अन्यथा पुढील विवेचनास आधार राहणार नाही. जुन्या पद्धतीच्या डिस्कवर अगदी पहिला खंड ५१२ बाइटांचा असतो. त्यातील ४४६ बाइट यंत्र सुरू करण्याच्या सूचनांकडे जातात, दोन बाइट खूण म्हणून शेवटी राहतात, आणि मधल्या ६४ बाइटांत चार विभागांची चार टिपणे बसतात. प्रत्येक टिपणास १६ बाइट. अमुक विभाग कोठे सुरू होतो, किती लांब आहे व कोणत्या प्रकारचा आहे, एवढेच त्यात लिहिलेले असते. हीच विभागांची सारणी. रोजच्या बोलण्यात पार्टिशन टेबल. नव्या पद्धतीत ही सारणी मोठी असते व तिची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटी ठेवलेली असते. सारणीच्या खालच्या पायरीवर प्रत्येक विभागाची स्वतःची सूची असते. तीत फायलींची नावे, तारखा आणि त्यांचे तुकडे कोठकोठे ठेवले आहेत याचा हिशेब लिहिलेला असतो. खुद्द मजकूर या दोहोंच्या खाली पडून राहतो. विभाग पाडताना चूक होते तेव्हा पहिला आघात सारणीवर होतो. नवा विभाग वापरण्याजोगा करताना पुष्कळदा सूचीच्या काही भागावर होतो. मजकुरावर तो तेव्हाच होतो जेव्हा त्या जागी नवे काही लिहिले जाते. पुण्याच्या पेशवे दफ्तरात काम केलेल्यांस हे लगेच उमगेल. रुमालांची यादी जळाली म्हणून रुमाल जळत नाहीत.

म्हणून पहिला नियम असा की, चूक ध्यानात येताच त्या डिस्कवर काहीही लिहू नये, तिची खंडशः जशीच्या तशी नक्कल दुसऱ्या डिस्कवर काढावी आणि सर्व प्रयोग त्या नकलेवर करावेत. सापडलेल्या फायलीही तिसरीकडेच साठवाव्यात. पोथीच्या मूळ पानावर शाईने दुरुस्त्या करणारा संपादक आपण क्षम्य मानणार नाही. मूळ डिस्कवर ‘जरा दुरुस्त करून पाहू’ म्हणणारास वेगळा न्याय लावण्याचे कारण नाही. एक अपवाद मात्र सांगणे प्राप्त आहे. अलीकडच्या पुष्कळ घन-स्मृतीच्या डिस्कांत, ज्यांना एसएसडी म्हणतात, रिकामी ठरलेली जागा यंत्र स्वतःच टाकून देते. विभाग पुसताना वा नव्याने घडविताना अशी सूचना डिस्ककडे गेली, की रुमालही गेले असेच समजावे. आमची डिस्क सुदैवाने जुन्या, फिरत्या तबकडीची होती.

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. ‘परत मिळणे’ या एका शब्दाखाली दोन अगदी भिन्न क्रिया झाकल्या जातात. पहिलीत सारणीचा जीर्णोद्धार होतो. क्रिस्तोफ ग्रनिए यांची ‘टेस्टडिस्क’ ही मुक्त आज्ञावली डिस्क धुंडाळून पूर्वीच्या विभागांच्या आरंभखुणा शोधते, आणि त्या जुळल्या तर हरवलेली टिपणे पुन्हा लिहून देते. विंडोजच्या एनटीएफएस पद्धतीच्या विभागात आरंभखंडाची एक प्रत विभागाच्या शेवटी असते, ती येथे उपयोगी पडते. हे साधले तर फायली आपापल्या नावांनिशी, तारखांनिशी व फोल्डरांनिशी जागच्या जागी दिसू लागतात. आमच्या डिस्कचा पहिला विभाग असा आला. त्याविषयी ‘परत मिळाला’ म्हणण्यास आमची हरकत नाही.

दुसरी क्रिया सूचीही नष्ट झाल्यावर करतात. त्याच लेखकाची ‘फोटोरेक’ ही आज्ञावली सूचीकडे पाहतच नाही. प्रत्येक जातीच्या फायलीच्या आरंभी काही ठराविक बाइट असतात. ध्वनीच्या वेव्ह फायलीच्या तोंडी ‘रिफ’ हा शब्द रोमन अक्षरांत असतो, झिप व त्यावर आधारलेल्या आधुनिक वर्ड फायलींच्या तोंडी ‘पीके’ ही दोन अक्षरे असतात. अशा खुणा शोधीत ती डिस्क चाळते आणि सापडलेल्या आरंभापासून पुढचा मजकूर कापून वेगळा ठेवते. सूचीविना नाव मिळणार नाही, म्हणून ती फायलीला एक क्रमांक देते. तारीख नाही, फोल्डर नाही. आमचा दुसरा विभाग, म्हणजे जानेफळची ध्वनिमुद्रणे, या मार्गाने हाती आली. ती पाहून एका तंत्रज्ञ स्नेह्याने ‘सगळे आले’ असे समाधानाने सांगितले. आमच्या दृष्टीने काय आले होते? आवाज आले होते.

हस्तलिखित व फाइल यांतील भेद येथे स्पष्ट होतो. पोथीच्या शेवटी लेखक आपले नाव, गाव, शक, तिथी, कोणासाठी लिहिले ते लिहितो. ही पुष्पिका पोथीच्याच पानावर असते. सूची हरवो, बासन सुटो, ग्रंथालय बदलो, पान शिल्लक आहे तोवर पुष्पिका शिल्लक आहे. फायलीची पुष्पिका मात्र फायलीत नसते. तिचे नाव, तिची तारीख, ती कोणत्या गावच्या फोल्डरात होती ही सर्व माहिती तिच्या बाहेर, सूचीत राहते. साध्या वेव्ह फायलीच्या अंगी नमुन्यांची संख्या, वारंवारता व लांबी एवढेच असते. तीत बोलणारी बाई कोण, हे तिला ठाऊक नसते. वापरणारास हे कधी दिसत नाही, कारण पडद्यावर नाव आणि मजकूर एकत्रच दिसतात. विभाग पाडण्यातील चूक हे एकत्व फोडून दाखविते. ग्रिअर्सन यांच्या भाषासर्वेक्षणाचा मराठीविषयीचा सातवा खंड १९०५ साली निघाला. त्यातील नमुन्यांच्या शिरोभागी छापलेली जिल्ह्यांची नावे कोणी पुसून टाकली, तर वाक्ये सर्व राहतील, पण तो ग्रंथ भाषासर्वेक्षण राहणार नाही.

लिखित मजकुराच्या बाबतीत देवनागरीचा म्हणून एक स्वतंत्र विचार आहे, आणि आमच्या पाहण्यात तो कोणी मांडलेला नाही. आज रूढ असलेल्या युनिकोडच्या यूटीएफ-८ या लेखनपद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हास तीन बाइट लागतात. दशमान अंकांत सांगायचे तर पहिला बाइट २२४, दुसरा १६४ किंवा १६५, आणि तिसरा त्या चिन्हाचा स्वतःचा. ‘क’ म्हणजे २२४, १६४, १४९. स्वर, व्यंजने व ऱ्हस्व इकाराच्या वेलांटीपर्यंतची चिन्हे १६४च्या घरात येतात. दीर्घ ईकारापासून पुढे उकार, मात्रा व हलन्ताची खूण १६५च्या घरात. त्यामुळे कोणत्याही सूचीविना, नुसत्या डिस्कच्या खोदकामात, २२४-१६४-२२४-१६५ अशी पुनरावृत्ती दिसली की तेथे मराठी, हिंदी, संस्कृत अथवा नेपाळीसारखा नागरीतील मजकूर आहे हे ओळखता येते. रोमन लिपीत साध्या मजकुराला एवढी ठळक खूण नसते. लिपीच्या जागाखाऊपणाबद्दल पूर्वी तक्रार होत असे; येथे तोच उपयोगी पडतो.

पण त्याचीच दुसरी बाजू अशी. डिस्कवरचे तुकडे बहुधा ४०९६ बाइटांचे असतात, आणि या संख्येस तिनाने भाग जात नाही, एक उरतो. शब्दांमधली जागा एका बाइटाची असते, त्यामुळे हिशेब आणखी हलतो. परिणामी फाइल जेथे तुटते तेथे पुष्कळदा अक्षरच मधोमध तुटते आणि त्याच्या जागी चौकोन किंवा प्रश्नचिन्ह उमटते. शिवाय ‘क्षि’ हे आपल्या कानाला एक अक्षर असले तरी यंत्राला ती चार चिन्हे आहेत. चारांपैकी दोन राहिली तर ‘क्’ राहतो, आणि तो दिसायला निर्दोष असतो. संपादकाने चौकोनास भिण्याचे कारण नाही, तो आपली जागा दाखवितो. जपायचे ते निर्दोष दिसणाऱ्या कडेला.

याहून बिकट अवस्था युनिकोडपूर्व काळातील मराठी फायलींची आहे. श्रीलिपी व तत्सम पद्धतींत छपाईसाठी जुळविलेला मजकूर रोमन चिन्हांच्या जागांवर बसविलेला असे, आणि अमुक जागी अमुक मराठी आकार हे केवळ फाँटला ठाऊक असे. अशी फाइल अक्षरशः संपूर्ण हाती येऊनही फाँटचे नाव गेले असेल तर वाचता येत नाही. महानुभावांच्या सकळ लिपीशी याचे साम्य उघड आहे. पोथी हाती होती, वळण स्वच्छ होते, आणि तरीही विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत पंथाबाहेरच्या अभ्यासकाला मजकूर लागत नव्हता, कारण कोणत्या अक्षरासाठी कोणते अक्षर घातले आहे याचे कोष्टक पंथाच्या आत राहिले होते.

महानुभावांचे नाव आलेच आहे तर ‘लीळाचरित्रा’कडे वळणे क्रमप्राप्त आहे, मराठीत गमावलेला पाठ परत उभारण्याचे याहून मोठे उदाहरण आम्हांस ज्ञात नाही. चक्रधरांच्या लीळा म्हाइंभटांनी नागदेवाचार्यांच्या सहकार्याने, ज्याला जी लीळा ठाऊक त्याच्याकडे जाऊन, इसवी सन १२७८च्या सुमारास संकलित केल्या. मेहकर आणि लोणार ही जानेफळच्या पंचक्रोशीतील दोन्ही स्थळे त्या ग्रंथात येतात. चौदाव्या शतकाच्या आरंभीच्या खिलजी स्वाऱ्यांच्या धामधुमीत मूळ पोथी नाहीशी झाली, असे पंथीय परंपरा सांगते. पुढे ज्यांच्या स्मरणात लीळा होत्या त्यांनी त्या पुन्हा लिहविल्या. यातून एकच पाठ निघाला नाही. हिराइसेचा पाठ निराळा, परशरामबासांचा निराळा, रामेश्वरबासांचा निराळा, आणि हे पाठ त्या त्या व्यक्तीच्या नावानेच चालले. जेथे एखाद्या लीळेविषयी स्मरणभेद होता तेथे तो ‘वासना’ म्हणून नोंदविला गेला. बुलढाणा जिल्ह्यातीलच नरवेल येथे १९०८ साली जन्मलेले डॉ. वि. भि. कोलते यांनी १९७८ साली या ग्रंथाची आपली आवृत्ती प्रसिद्ध केली. त्यांच्या आधी ह. ना. नेने व शं. गो. तुळपुळे यांनीही संपादने केली होती. या सर्व संपादकांना पाठभेदांचा विचार करता आला, तो त्या जुन्या मंडळींनी आपला पाठ ‘मूळ’ म्हणून पुढे न करता आपल्या नावाने ठेवला म्हणून.

या तुलनेवर आक्षेप येईल, आणि तो आम्ही स्वतःच घेतो. स्मरण बदलते, शब्द पालटते, गाळलेले भरून काढते. डिस्कवरील बाइट तसे करीत नाहीत. हिराइसेच्या स्मरणातून आलेले वाक्य म्हाइंभटांच्या वाक्याहून वेगळे असू शकेल, पण फोटोरेकने काढलेले मिनिट हे मुद्रित झालेलेच मिनिट असते. हे खरे आहे. परंतु माणसाच्या चुकीला ओळखण्याजोगे रूप असते. लेखकाची नजर एका ‘आणि’वरून दुसऱ्या ‘आणि’वर गेली, की मधली ओळ गळते, पंथीयाने भक्तीच्या भरात विशेषण वाढविले, तर ते विशेषण बोलते. यंत्राच्या खोदकामातील चुकीला असा काही स्वभाव नाही. सूची नसल्यामुळे फोटोरेक फाइल सलग आहे असे धरून चालते, आणि फाइल तुकड्यांत ठेवलेली असेल तर मध्ये जे काही येईल ते तीत समाविष्ट होते. मध्ये आलेला तुकडा चित्राचा असला तर ध्वनीत खरखर ऐकू येते. तो दुसऱ्या ध्वनिमुद्रणाचा असला तर? दोन्ही मुद्रणे एकाच यंत्रावर, एकाच वारंवारतेने केलेली असतात, तुकड्यांच्या कडा सम बाइटांवर पडतात, आणि म्हणून सांध्यावर काहीच ऐकू येत नाही. पाठचिकित्सेत ज्याला संकर म्हणतात त्याचा इतका गुळगुळीत प्रकार कोणत्याही पोथीत सापडणार नाही.

आमच्या संग्रहात असे एक मुद्रण निघाले. म्हातारी बाई ज्वारीच्या खळ्याविषयी सांगते आहे, ‘डोये’ म्हणते आहे, आणि वाक्याच्या मध्यावर पुरुषाचा आवाज सुरू होतो. तो ‘डोळे’ म्हणतो. बाई व पुरुष असा भेद असल्याने हा सांधा कानाला कळला. दोन म्हाताऱ्या असत्या, तर ‘एकाच वक्त्याच्या भाषणात ळकार-यकाराचा विकल्प’ असे प्रमेय आम्ही लिहून मोकळे झालो असतो, आणि उदाहरण म्हणून हीच फाइल दिली असती. हा विचार मनात आल्यावर बाकीच्या प्रत्येक मुद्रणाविषयी आमचा विश्वास डळमळला. विकल्प खरोखर आढळतो की तो आमच्या डिस्कने निर्माण केला?

‘ज्याला गरज आहे त्याला फाइल उघडली की पुरे’ असे व्यवहारात म्हटले जाते. लग्नाच्या छायाचित्रांपुरते ते मान्य करावे; तेथे चेहराच पुष्पिकेचे काम करतो. विद्यापीठीय प्रबंधांत, बोलींच्या व लोकसाहित्याच्या संग्रहांत मात्र खोदून काढलेल्या फायली पूर्वीचीच नावे अंदाजाने देऊन पुन्हा मांडल्या जातात, आणि त्या तशा आल्या आहेत याचा उल्लेखही नसतो, हे आम्हांस आक्षेपार्ह वाटते. कत्रे यांनी १९४१ साली भारतीय पाठचिकित्सेवरील आपल्या इंग्रजी ग्रंथात व त्यापूर्वी सुकथनकरांनी महाभारताच्या १९३३च्या प्रस्तावनेत जी शिस्त घालून दिली, तीत प्रत्येक साक्षीप्रतीची उत्पत्ती सांगणे ही पहिली पायरी आहे. फाइल यंत्रातून निघते म्हणून तिला या पायरीतून सूट मिळावी असे त्या शिस्तीत काही नाही. सारणी दुरुस्त होऊन आलेली, सूचीवरून आलेली, आणि केवळ आरंभखुणेवरून कापलेली अशा तीन प्रतींस तीन वेगळी चिन्हे देणे काही अवघड नाही. मुद्रण सुरू होताच बोलणाराचे नाव, गाव व तिथी संशोधकाने स्वतः उच्चारावी ही फितीच्या काळातील रीत आम्ही जुनाट म्हणून सोडली होती. ती पाळली असती तर पुष्पिका आवाजातच राहिली असती.

शेवटी जानेफळास पुन्हा जाऊन ही मुद्रणे गावातच ऐकविण्यापलीकडे मार्ग उरला नाही. नावे गेली होती, पण आवाज ओळखणारी माणसे होती. काही मुद्रणे लगेच ओळखली गेली. काहींविषयी एका घरात एक नाव व शेजारच्या घरात दुसरे नाव सांगण्यात आले. ती दोन्ही नावे आम्ही लिहून घेतली आणि कोणी कोणते सांगितले तेही लिहिले. खळ्याच्या मुद्रणावर एक सूनबाई म्हणाल्या, “सर, हा तं आमच्या बुढीचा आवाज हाये. पुन्हा एकडाव लावा.” बुढी दोन वर्षांपूर्वी वारली होती. आवाज तुटून पुरुषाचा सुरू झाला तेव्हा, “अन् पुढचं कुठी गेलं?” असे त्यांनी विचारले. डिस्कच्या नकलेवर पुढचा तुकडा शोधण्याचे काम त्यानंतर आम्ही पुन्हा हाती घेतले. त्या वाक्याचा उरलेला भाग अद्याप सापडलेला नाही. पुरुषाचा आवाज गावात कोणालाही ओळखता आला नाही. सूचीत ते मुद्रण आता दोन क्रमांकांखाली आहे, आणि दुसऱ्यापुढे ‘वक्ता अज्ञात, स्थळ अनिश्चित’ अशी नोंद आहे.